साहेबांनी हात दिला

माझा साहेब अमेरिकेत आमदार आहे. हे वाक्य मी बरीच वर्षं भिशीत, हळदीकुंकवात आणि मस्कतच्या गणपतीत आरतीनंतरच्या गप्पांत टाकत आले, आणि दर वेळी समोरची बाई सरसावून बसते. अमेरिकेतला म्हणजे मोठाच असणार, असं तिला वाटतं. तसं काही नाही. तिकडे प्रत्येक राज्याची आपापली विधानसभा असते, तिच्यात आपल्यासारखेच आमदार असतात, आणि आपल्यासारखेच त्यांतले काही सभागृहात डुलक्या काढतात. माझा साहेब निवडून येतो त्या भागात माणसांपेक्षा गाई जास्त आहेत. गाईंना मत असतं तर तो पडला असता, कारण गाईंना माणूस बरोबर कळतो.

त्याचं नाव सांगणार नाही. त्याला प्रसिद्धीची फार हौस आहे आणि ती माझ्या हातून पुरेशी होऊन गेली आहे. नोकरीत होते तोवर मी त्याला मनातल्या मनातही अहो-जाहो करायची. आता निवृत्त झाले, एकेरीवर आले तरी कोणी वॉर्निंग लेटर देणार नाही. त्याच्या भाषेत तसाही दोन्हीला एकच शब्द.

मी सव्वीस वर्षं मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका बांधकाम कंपनीत सेक्रेटरी होते. त्यांतली अकरा या साहेबाकडे. सुनंदा हे नाव त्याच्या जिभेला पेलेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने मला 'सू' करून टाकलं. कॉरिडॉरमधून "सू, सू" अशी हाक आली की आमच्या अकाउंट्समधले दोघे पुणेकर फाईलमागे तोंड लपवायचे. अर्थ मी त्याला कधीच सांगितला नाही. सांगितला असता तर हाक बंद झाली असती, पण मग आमच्या ऑफिसात करमणुकीला उरलं काय असतं?

सेक्रेटरी म्हणजे फोन घेणारी आणि चहा सांगणारी बाई, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं काम वेगळंच. साहेब जे बोलतो ते साहेबाला शोभेल असं करून कागदावर उतरवायचं. साहेब म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, त्याचं डोकं ठिकाणावर नाही." मी लिहायची, "आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत. तिचा सांगोपांग विचार चालू आहे." ते गाढव म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचा ओमानी मालक, आमचा अर्बाब. तो शांत माणूस. एकदा माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "सुनंदा, हे पत्र तुझं. साहेबाचं पत्र मला भिंतीतून ऐकू आलं." माझं पूर्ण नाव नीट उच्चारणारा त्या मजल्यावर तो एकटाच होता.

माझ्याकडे नकाराचे तीन मसुदे तयार असत. एक नंबर म्हणजे सरळ नाही. तीन नंबर म्हणजे नाही, पण जेवायला या. सगळ्यांत कसबाचा दोन नंबर: "आपण मला लिहिलंत याचा मनापासून आनंद झाला. आपल्या विषयाचं महत्त्व मी पूर्णपणे जाणतो. योग्य वेळी, योग्य ठिकाणी त्याचा अवश्य विचार होईल." वाचणारा महिनाभर खुशीत राहायचा. या दोन नंबरचा मला फार अभिमान होता. का, ते पुढे कळेलच.

साहेबाची आणखी एक खोड सांगून ठेवते. मी लिहिलेलं तो आधी वाचायचा नाही. थेट सभेत उभा राहून वाचायचा. वार्षिक जेवणाच्या भाषणात मी लाल अक्षरात 'इथे थांबून पाणी प्यावे' असं घातलं होतं, तर त्याने तेही वाचून दाखवलं. लोक हसले. आपण विनोद केला असं त्याला वाटलं, आणि पुढच्या वर्षी मला म्हणाला, "सू, तो पाण्याचा विनोद पुन्हा घाल."

आणि हा माणूस कोण होता? कंपनीचा सेफ्टी मॅनेजर. साईटवर कोणी पडू नये, बुडू नये, भाजू नये हे बघणारा.

आता वादीची गोष्ट. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी कोरडी नदी. वर्षातले बहुतेक दिवस नुसते दगडगोटे, रस्ताही त्यातूनच जातो. पण लांब डोंगरात पाऊस झाला की इथे डोक्यावर लख्ख ऊन असताना पाण्याचा लोंढा येतो आणि ट्रकसुद्धा उचलून नेतो. इथे राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमची एक साईट मस्कतबाहेर, कुरियात गावाच्या पुढे होती. साहेबाला घेऊन निघालेला ड्रायव्हर दिलावरभाई, रत्नागिरीकडचा, तीस वर्षं ओमानात. बोलणं मोजून मापून. त्या दिवशी गाडी वादीत वाहून गेली आणि दोघे वाचले.

दुसऱ्या दिवशी दोघांना मी पाहिलं. साहेबाचा एक बूट गेला होता, बाकी ओरखडा नाही. दिलावरभाईचा उजवा खांदा निखळलेला, हात गळ्यात बांधलेला, तळहाताची साल गेलेली. कंपनीच्या मासिकासाठी मजकूर हवा होता आणि छापायला जायला पाऊण तास उरला होता. साहेब म्हणाला, "सू, दिलावरला विचारून काहीतरी छान लिही." मी विचारलं, "दिलावरभाई, झालं काय नक्की?"

तो म्हणाला, "साबनी हात दिलान, मॅडम. अल्लान वाचवलान. खलास."

हात दिला. आपण मराठी माणसं हा शब्द कसा वापरतो? अडल्यानडल्याला मदत केली की आपण म्हणतो, अमक्याने हात दिला. मी दादरची, माझ्या कानाला दुसरं काही ऐकूच आलं नाही. इंग्रजीतही तोच वाक्प्रचार आयता होता. पंधरा मिनिटांत मी पानभर मजकूर ठोकला: पुराच्या लोंढ्यात साहेबांनी पुढे केलेला मदतीचा हात, ड्रायव्हरला मिळालेलं जीवदान. साहेबाने तो छापून आल्यावर वाचला. आता आठवतं, वाचून तो जरा थबकला होता. मग म्हणाला, "छान. फार छान."

खांदा मला दिसला होता. ज्याला ओढून बाहेर काढलं त्याच्या तळहाताची साल कशी जाईल, हे विचारायला अक्कल लागत नाही. मी विचारलं नाही. मजकूर झकास जमला होता, तो कशाला मोडायचा?

साहेबाला त्या वर्षीची सेफ्टीची ढाल मिळाली. दिलावरभाईला पंधरा दिवसांची रजा आणि कंपनीची गाडी बुडवल्याबद्दल वॉर्निंग लेटर. तेही मीच टाईप केलं.

पुढे साहेब मायदेशी गेला आणि सुटलो असं आम्हाला वाटलं. दोन वर्षांनी त्याचा ईमेल आला: तो निवडणुकीला उभा आहे, भाषणावरून जरा हात फिरवशील का? सोबत प्रचाराचं पत्रक. त्यावर ढालीचा फोटो आणि खाली माझाच मजकूर, थोडा फुगवून. वादीचा महापूर झाला होता, ड्रायव्हरला नाव उरलं नव्हतं, नुसता 'एक गरीब परदेशी' होता.

हात फिरवला. एकदा फिरवला आणि मग फिरवतच राहिले. तोपर्यंत माझी नोकरी सुटली होती, पण नवऱ्याचा व्हिसा चालू, म्हणून मुक्काम मस्कतमध्ये, अल् घुब्रातच. सकाळची भाजी टाकून झाली की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून अमेरिकेतल्या एका विधानसभेचं भाषण लिहायला बसायची. तो त्यांच्याकडच्या जुन्या वळणाच्या पक्षाचा. कर नको, नियम नको, सरकार जेवढं लहान तेवढं बरं. त्या मतांचे तिकडे पुष्कळ सरळ, कष्टाळू लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं मी समजू शकते. हा मात्र त्यांच्या खांद्यावर बसून हिंडणारा. साईटवर हेल्मेट न घालणाऱ्या मजुराला जो दिवसभर उन्हात उभा करायचा, त्याने आमदार होऊन पहिलं भाषण कशावर केलं? मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट न घालण्याचं स्वातंत्र्य. दुसरं काम, राज्याचा अधिकृत दगड कोणता ते ठरवणं. तिसरं, एका पुलाला सासऱ्याचं नाव. एवढ्या वर्षांची कमाई म्हणजे एक दगड आणि एक सासरा.

एकदा सरकारी कागदपत्रांचं कुठलंही काम परदेशी माणसांना देऊ नये, असं बिल त्याने आणलं. 'आपलं काम आपल्या माणसांनी.' त्याचं भाषण मी लिहिलं. दुपारी, वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता. शेवटी सवयीने आपलं ऑफिसातलं 'काइंडली डू द नीडफुल' पडलं. त्याने ते गंभीर चेहऱ्याने वाचलं, आणि तिकडच्या लोकांना ते जुन्या धर्मग्रंथातलं वचन वाटलं. पुढच्या निवडणुकीत ते त्याच्या फलकांवर होतं. भारतातल्या प्रत्येक हेडक्लार्कचं वाक्य तिकडे शेताच्या कुंपणावर झळकत होतं.

नवरा म्हणायचा, "फुकट का राबतेस त्याच्यासाठी?" मी म्हणायची, सवय. खरं कारण सांगायला आज लाज वाटते. तिकडच्या सभागृहात माझ्या वाक्याला टाळ्या पडायच्या आणि मी इथे ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघायची.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी नमाज झाल्यावर दिलावरभाई घरी आला. सोबत मुलगी नाझिया आणि हलव्याचा डबा. कंपनी सोडून आता तो रुवीतल्या एका दुकानाची व्हॅन चालवतो. खांदा अजून दुखतो, उजवा हात डोक्याच्या वर जात नाही, हे त्याने नाही, नाझियाने सांगितलं. इथल्याच इंडियन स्कूलमधून ती बारावीला पहिल्या काहींत आली होती आणि तिला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. कुठे, तर नेमका साहेबाच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात. स्कॉलरशिपसकट.

"व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे, आँटी," ती म्हणाली. "मी बाबांना सांगितलं, लेटरची काही नीड नाहीये. पण ते... ते ऐकतच नाहीत."

दिलावरभाई खुर्चीच्या कडेवर बसला होता. "मॅडम, साब तिकडचा आमदार हाय. आमदाराची एक चिठ्ठी आसली की बरा आसतां. मी आजवर काय मागलंय नाय."

खरंच मागितलं नव्हतं. आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेच्या दाखल्यापासून इस्पितळातल्या खाटेपर्यंत आमदाराच्या चिठ्ठीवर आपलं आयुष्य गेलेलं. मी त्याच संध्याकाळी साहेबाला लिहिलं. दिलावर कोण हे लिहिलं, वादीची आठवण दिली, मुलीचे मार्क दिले.

चार दिवसांनी उत्तर आलं. "आपण मला लिहिलंत याचा मनापासून आनंद झाला. आपल्या विषयाचं महत्त्व मी पूर्णपणे जाणतो. योग्य वेळी, योग्य ठिकाणी..."

दोन नंबर. माझाच मसुदा, स्वल्पविरामासकट. सव्वीस वर्षं मी ते पत्र किती जणांना पाठवलं असेल, पण ते स्वतःच्या हातात पडलं की कसं वाटतं हे मला तेव्हा कळलं.

आणि त्याच आठवड्यात दुसरा ईमेल. "सू, महत्त्वाचं भाषण आहे, हात फिरव." सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांच्या जागा कमी करण्याचं बिल. आपली मुलं आधी. ठीक, प्रत्येक देशाला तेवढा हक्क आहे, मी वाद घालणार नाही. पण भाषणात मध्येच वादी होती. मी परदेशी लोकांच्या विरुद्ध नाही, असं तो सांगणार होता. 'मी याच हाताने एका गरीब परदेशी माणसाला पुरातून ओढून काढलं आहे. माझ्या माणुसकीचा पुरावा मागू नका.'

मी दिलावरभाईला फोन करून बोलावून घेतलं. चहा दिला आणि इतक्या वर्षांनी नीट विचारलं, "त्या दिवशी वादीत काय झालं? पहिल्यापासून सांग."

"सांगला तर तवाच. साबनी हात दिलान."

"म्हणजे काय केलं त्याने?"

या बाईला मराठी येतं की नाही, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात लांब केला, बुडणारा माणूस पाण्यातून करतो तसा. "आसा हात दिलान. मी धरला नि खेचला. मी आधी भायेर निघालो हुतो, झाडाला धरून. साब गाडीच्या टपाक लटकलेला." थोडं थांबून म्हणाला, "मी बोललो हुतो, साब, नो गो, वॉटर कमिंग. दोन तास थांबा. साब बोल्ला, यल्ला, यल्ला, चल."

"मग मासिकात भलतंच छापलं, ते तू बोलला का नाहीस?"

"माका इंग्रजी कुटं वाचता येतां? सगल्यांनी सांगला, मॅडमनी तुजा नाव छापल्यान. मी घराक कापून पाठवलाय."

त्याने ते कात्रण गावी पाठवलं होतं, भिंतीवर लावायला.

आमच्या धंद्याचा पहिला नियम, साहेबाच्या तोंडी त्याला नको असलेला शब्द घालायचा नाही. तो मी त्याच संध्याकाळी, कुकर लावून, मोडला. बिलावरच्या एका शब्दाला हात लावला नाही. ते त्याचं मत, त्याचं त्याला लखलाभ. फक्त वादीचा परिच्छेद बदलला. 'मी सेफ्टी मॅनेजर होतो. ड्रायव्हरने मला जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्याचं नाव दिलावर. त्याने मला ओढून बाहेर काढलं आणि त्यात त्याचा खांदा गेला. इतकी वर्षं मी ही गोष्ट उलटी सांगत आलो.' शेवटी लाल अक्षरात लिहिलं, इथे थांबून पाणी प्यावे.

तिकडे सकाळ, आमच्याकडे तिन्हीसांज. देवापाशी दिवा लावून मी टीव्हीवर इंटरनेटवरून त्यांचं सभागृह लावलं. नवरा बाजूला. साहेब उठला, चष्मा लावला आणि वाचू लागला. 'मी सेफ्टी मॅनेजर होतो' इथवर आवाज खणखणीत. 'ऐकलं नाही' म्हणताना तो अडखळला. पान उलटून पुढे पाहिलं, पुन्हा मागे आला. पण सगळे बघत होते, आणि स्वतःच्या मनाचं बोलण्याची त्याला सवयच नव्हती. त्याने शेवटपर्यंत वाचलं. दिलावर या नावाचे तुकडे केले, पण वाचलं. मग पाणी प्यायला. या खेपेला मोठ्याने न वाचता.

मला वाटलं, आता याची छी-थू होणार.

तर ते सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. काय हा प्रामाणिकपणा, काय ही नम्रता. एका बाईंनी डोळे पुसले. साहेबाने छातीवर हात ठेवला आणि मान लववली, जणू आयुष्यभर याच क्षणाची तयारी करत होता. बिल मंजूर झालं. पुढच्या वर्षीपासून लागू.

नवरा म्हणाला, "घे. तू त्याला बुडवायला गेलीस, तो आणखी वर आला."

दोन दिवसांनी ईमेल. "सू, कमाल केलीस. फक्त आधी सांगायचं होतंस." खाली आणखी एक ओळ: तिकडचे पत्रकार ड्रायव्हरबद्दल विचारत आहेत, तेव्हा त्याच्या मुलीसाठी एक चांगलं पत्र तयार कर, मी सही करतो. मी तयार केलं. पहिलंच वाक्य, 'या मुलीच्या वडिलांमुळे मी जिवंत आहे.' न वाचता सही होऊन दुसऱ्या दिवशी परत आलं.

नाझिया ते फाईलमध्ये घालून व्हिसाच्या मुलाखतीला गेली. समोरच्या बाईने तीन प्रश्न विचारले, मार्क पाहिले आणि व्हिसा दिला. पत्राकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिकडे आमदाराच्या चिठ्ठीला कोणी हिंग लावून विचारत नाही, हे मला आणि दिलावरभाईला ठाऊक नव्हतं. नाझियाला होतं. ती बापासाठी गप्प बसली होती.

ती अमेरिकेला गेली त्या आठवड्यात दिलावरभाई पत्र घेऊन आला. इंग्रजी, म्हणून मराठीत वाचून दाखवा म्हणाला. मी दाखवलं, एकेक वाक्य सावकाश. तो खुर्चीच्या कडेवर बसून, दुखऱ्या खांद्यावर डावा हात ठेवून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं,

"येवढा खरा साबनी लिवलान?"

सव्वीस वर्षांच्या सवयीने 'हो' जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं.

"नाही, दिलावरभाई. मी लिहिलं."

त्याने कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवला आणि अजिबात राग नसलेल्या आवाजात विचारलं, "मग येवढी वर्सं कशाला लावलीत, मॅडम?"